बुबुळाच्या कडेवरचं संशोधन: डॉ. वीरेंदर सांगवान यांची ‘स्लेट’ शस्त्रक्रिया, सोप्या भाषेत

पानटपरीवर चुन्याची इवलीशी पुडी मिळते, हल्ली ट्यूबही मिळते. तंबाखू मळून झाली की ती खिडकीत, कोनाड्यात, गादीच्या कडेला कुठेही पडून राहते. घरातल्या लहान पोराच्या हाती लागली की ते ती दाबून बघणारच. पुडी फुटते आणि चुन्याची चिळकांडी थेट डोळ्यात जाते. असे प्रकार इतके व्हायला लागले की 2003 साली दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चुन्याच्या पुडीबद्दल इशारा देणारं पत्र प्रसिद्ध केलं. रंगसफेदीचा चुना, भिंतीचं काम, संडास साफ करायचं अ‍ॅसिड, फटाके ही याच यादीतली पुढची नावं.

चुना हा अल्कली. आम्ल डोळ्यात गेलं तर पेशींमधली प्रथिनं साकळतात आणि तो साकळलेला थरच आम्लाला आत शिरायला थोडी आडकाठी करतो. अल्कलीला ती आडकाठी होत नाही. पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थांचं बनलेलं असतं. अल्कली त्याचा अक्षरशः साबण करतो आणि आत आत जात राहतो. शिवाय ओल्या चुन्याचे कण वरच्या पापणीखाली चिकटून बसतात आणि तिथून झिरपत राहतात. त्यामुळे पहिला उपाय म्हणजे पाणी. घरात असेल ते स्वच्छ पाणी, त्याच क्षणी, डोळा उघडा धरून, अर्धा तास तरी. दूध, तूप, मध, गुलाबपाणी शोधत बसायचं नाही. आधी धुवायचं, मग रिक्षा बोलवायची. दवाखान्यात ‘चुना गेलाय’ असं स्पष्ट सांगायचं, म्हणजे डॉक्टर पापणी उलटवून कण काढतील.

इतकं करूनही काही डोळे जातात. ते कसे जातात आणि त्यातले काही परत कसे मिळवता येतात, याचा बराचसा उलगडा गेल्या पन्नासेक वर्षांत झाला. त्यातला एक महत्त्वाचा टप्पा हैदराबादमध्ये घडला. तिथल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंदर सांगवान यांनी डोळ्याच्या पृष्ठभागाच्या आजारांवर अनेक वर्षं काम केलं. त्यांची कारकीर्द मला वेगळी वाटते ती तिच्या दिशेमुळे. संशोधन पुढे जातं तसं ते सहसा अधिक किचकट आणि अधिक महाग होत जातं. सांगवान यांच्याकडे अद्ययावत प्रयोगशाळा होती, तिच्यावर मानाचा पुरस्कारही मिळाला होता, आणि त्यानंतर त्यांनी त्या प्रयोगशाळेशिवाय भागेल का हे तपासून पाहिलं.

पण ते समजून घ्यायचं तर आधी डोळ्याच्या पुढच्या काचेकडे नीट बघावं लागेल.

आपण ज्याला सरसकट बुबुळ म्हणतो त्यात दोन गोष्टी येतात. एक, काळा-तपकिरी रंगाचा पडदा. दुसरी, त्याच्या पुढची पूर्ण पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया. नेत्रदानात ‘बुबुळ बसवलं’ म्हणतात तेव्हा बसवलेला असतो तो हा कॉर्निया. रुंदी साधारण 12 मिलिमीटर, मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवून डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आणण्याचं जवळजवळ दोन तृतीयांश काम हीच काच करते. पारदर्शक राहायचं म्हणून तिच्यात रक्तवाहिनी नाही. तिला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः अश्रूंमधून, बाहेरच्या हवेतला.

या काचेवर सर्वांत वर पेशींचे पाच-सात थर असतात. पापणी दिवसातून हजारो वेळा त्यांच्यावरून घासत जाते, धूळ बसते, वारा लागतो. या पेशी सतत झडतात आणि आठ-दहा दिवसांत सगळा थर नवा झालेला असतो. मग नव्या पेशी येतात कुठून?

बराच काळ समज असा होता की खालचाच थर वरच्याला जन्म देतो आणि विषय संपतो. 1971 मध्ये नॉर्वेच्या डाव्हांगर आणि एव्हेन्सेन यांनी ‘नेचर’मध्ये वेगळी शक्यता मांडली: या पेशींचं मूळ काचेच्या मध्यात नाही, कडेला आहे. रंगद्रव्य असलेल्या डोळ्यात कडेचा रंग जखम भरताना मध्याकडे सरकताना दिसतो, हा त्यांचा एक धागा होता. त्या कडेला, म्हणजे पारदर्शक भाग संपून पांढरा भाग सुरू होतो त्या कंगोऱ्याला, लिंबस म्हणतात. 1989 मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने उंदरांवर प्रयोग केला. विभागणाऱ्या पेशींना किरणोत्सारी खूण लावायची आणि वाट बघायची. ज्या पेशी भराभर विभागतात त्यांच्यातली खूण विरत जाते. ज्या क्वचितच विभागतात त्यांच्यात ती टिकते. आठवड्यांनंतर खूण टिकलेल्या पेशी फक्त लिंबसमध्ये सापडल्या. काचेच्या मध्यात एकही नाही. हळूहळू विभागणं हा मूळपेशींचा, म्हणजे स्टेम सेल्सचा, ओळखीचा गुण.

म्हणजे काचेला आयुष्यभर पेशी पुरवणारा साठा एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या या गोल पट्टीत आहे. शिवाय ही पट्टी सीमेचंही काम करते. पलीकडे पांढऱ्या भागावर जी पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेली त्वचा असते ती काचेवर चढू नये, हेही लिंबस बघतं. वडस वाढतो तेव्हा ही त्वचा एका कोपऱ्यातून आत घुसते, हे अनेकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यात पाहिलं असेल. चुन्याने लिंबसचा पूर्ण गोल जळाला तर ती चहुबाजूंनी येते. काही आठवड्यांत काचेवर लालसर, जाडसर, रक्तवाहिन्यांची साय धरते. डोळा सतत लाल, उजेड सहन होत नाही, वरचा थर पुन्हा पुन्हा सोलवटतो आणि प्रत्येक वेळी दुखतं. दिसायला उरतं ते हात हलताना कळण्याइतपत. वैद्यकात याला लिंबल मूळपेशींची कमतरता म्हणतात.

इथे हटकून एक प्रश्न येतो: नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ बसवून टाका की! नेत्रदान पंधरवड्यात आपण हेच ऐकतो ना?

तर नाही, आणि हा गैरसमज दूर होणं गरजेचं आहे. नेहमीच्या प्रत्यारोपणात मृत व्यक्तीच्या कॉर्नियाच्या मध्यातून आठेक मिलिमीटरची गोल चकती कापून बसवतात. तिच्यात लिंबस नसतंच. चकती सुरुवातीला लख्ख दिसते, कारण तिच्यावर दात्याच्या पेशी असतात. त्या झडत जातात. पुरवठा करायला कडेला कोणीच नाही, म्हणून पुन्हा तीच लाल साय वर येते आणि नवी काचही जाते. दान वाया, शस्त्रक्रिया वाया. जळलेल्या डोळ्यांची प्रत्यारोपणं वर्षानुवर्षं फसत होती त्याचं एक मोठं कारण हे होतं.

गंमत म्हणजे जगातलं पहिलं यशस्वी कॉर्निया-प्रत्यारोपण चुन्याने भाजलेल्या डोळ्यावरच झालं होतं. 7 डिसेंबर 1905, ओलोमोउत्स, आजच्या चेक प्रजासत्ताकातलं गाव. डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी आलोइस ग्लोगार नावाच्या मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर ते केलं. एक चकती टिकली आणि तो पुन्हा कामाला लागला. लिंबसचं महत्त्व कळायला तेव्हा अजून साठ-सत्तर वर्षं होती. आजच्या माहितीवरून अंदाज बांधायचा तर त्याच्या त्या डोळ्याच्या कडेचा बराच भाग शाबूत राहिला असावा.

कडेचं महत्त्व कळल्यावर उपाय सुचणं फार अवघड नव्हतं. एक डोळा जळाला आहे, दुसरा चांगला आहे. चांगल्याच्या लिंबसचा तुकडा जळालेल्याला लावा. 1989 मध्ये केन्यन आणि त्सेंग यांनी असे रुग्ण प्रसिद्ध केले. उपाय चालला. अडचण ही की तुकडे मोठे लागत. घड्याळाच्या तबकडीवर मोजलं तर वरचे दोन-तीन तास आणि खालचे दोन-तीन तास, म्हणजे चांगल्या डोळ्याच्या कडेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त. ज्याला एकाच डोळ्याने दिसतं त्याच्या त्याच डोळ्याचा एवढा भाग काढून घ्यायचा, ही जोखीम डॉक्टरलाही जड जाते आणि घरच्यांनाही.

त्यावर उत्तर आलं इटलीतून. 1997 मध्ये ग्राझिएला पेल्लेग्रिनी आणि सहकाऱ्यांनी चांगल्या डोळ्यातून अगदी बारीक तुकडा घेतला, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचा पातळ पापुद्रा तयार केला आणि तो दोन रुग्णांच्या डोळ्यांवर बसवला. पेशी तगाव्यात म्हणून खाली उंदराच्या पेशींचा थर होता. 2000 साली तैवानच्या गटाने उंदराच्या पेशींऐवजी बाळाच्या वारेचा आतला पातळ पडदा वापरला, त्याला अ‍ॅम्निऑटिक मेम्ब्रेन म्हणतात. बाळंतपणानंतर एरवी फेकून दिला जाणारा हा पडदा डोळ्याच्या डॉक्टरांच्या फार कामाचा आहे. तो दाह कमी करतो, त्याच्यावर पेशी छान पसरतात, आणि शरीर त्याला सहसा परका समजून झिडकारत नाही. सिझेरियनच्या वेळी आईच्या संमतीने तो घेतात, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस यांच्या तपासण्या करून अतिशीत तापमानात ठेवतात.

हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी 1987 मध्ये सुरू केली. चित्रपट-निर्माते एल. व्ही. प्रसाद यांनी जमीन आणि पैसा दिला म्हणून त्यांचं नाव. तिथे रुग्ण, शस्त्रक्रिया आणि प्रयोगशाळा एकाच छताखाली होते, आणि पुढच्या गोष्टीला हे कारणीभूत ठरलं असं मला वाटतं. 2001 पासून तिथे प्रयोगशाळेत वाढवलेल्या लिंबल पेशींचे उपचार सुरू झाले. शस्त्रक्रिया सांगवान यांच्याकडे; प्रयोगशाळेची बाजू डॉ. गीता वेमुगंटी यांच्याकडे. संशोधनाचे प्रमुख होते प्रा. डी. बालसुब्रमण्यन.

त्यांनी पद्धतीतले प्राण्यांचे घटक काढून टाकले. उंदराच्या पेशी नाहीत. वासराचं रक्तद्रव्यही नाही. त्याऐवजी रुग्णाच्याच रक्तातून काढलेलं द्रव्य. चांगल्या डोळ्यातून छोटा तुकडा घ्यायचा, अ‍ॅम्निऑटिक मेम्ब्रेनवर ठेवायचा, 10 ते 14 दिवस इन्क्युबेटरमध्ये वाढवायचा आणि पेशींचा थर तयार झाला की पडद्यासकट डोळ्यावर बसवायचा. 2006 साली सांगवान यांना वैद्यकशास्त्रासाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. 2011 मध्ये या गटाने दहा वर्षांच्या कामाचा हिशेब मांडला: 200 रुग्ण, त्यांपैकी 71 टक्क्यांचा पृष्ठभाग स्वच्छ आणि स्थिर राहिला.

याच सुमारास, 2010 मध्ये, इटलीच्या गटाने 112 रुग्णांचा अहवाल दिला, यश 76.6 टक्के. त्यात एक फार मोलाचा तपशील होता. पापुद्र्यातल्या खऱ्या मूळपेशींचं प्रमाण 3 टक्क्यांहून जास्त असेल तर दहापैकी जवळजवळ आठ शस्त्रक्रिया यशस्वी होत. 3 टक्के किंवा कमी असेल तर दहात एखादीच. म्हणजे पापुद्रा किती देखणा आणि अखंड दिसतो याला फारसं महत्त्व नाही. त्यात टिकाऊ मूळपेशी किती आहेत याला आहे. इटलीतल्या पद्धतीतून पुढे 2015 मध्ये ‘होलोक्लार’ हे युरोपातलं मान्यता मिळालेलं पहिलं स्टेम सेल औषध आलं. ब्रिटनमध्ये 2017 साली त्याची किंमत एका डोळ्यामागे 80,000 पौंड होती, आपल्याकडच्या हिशेबाने साठ-सत्तर लाख रुपये. विज्ञान म्हणून कौतुकच. पण बिगारी कामगाराच्या पोराचं काय?

हैदराबादची पद्धत इतकी महाग नव्हती, तरी स्वस्तही नव्हती. पेशी वाढवायच्या तर निर्जंतुक खोली हवी, हवा गाळणारी यंत्रणा हवी, प्रशिक्षित माणसं हवीत, प्रत्येक बॅचची तपासणी हवी. रुग्णाला दोनदा शस्त्रक्रियेला यावं लागे, एकदा तुकडा देण्यासाठी आणि पंधरवड्याने बसवून घेण्यासाठी. एवढी सोय देशातल्या मोजक्या शहरांतच होऊ शकते. आणि चुना तर गावोगाव मिळतो.

आता सांगवान यांच्यापुढचा प्रश्न असा होता. इन्क्युबेटरमध्ये आपण काय देतो? शरीराइतकी ऊब, पोषक द्रव्य, ओलावा, आणि पसरायला अ‍ॅम्निऑटिक मेम्ब्रेन. यातलं डोळ्यात काय नाही? ऊब आहे. अश्रू आहेत, आणि अश्रूंमध्ये पेशींच्या वाढीला लागणारे घटक असतात. मेम्ब्रेन आपण डोळ्यावर घालू शकतो. मग तुकडा थेट डोळ्यातच वाढला तर?

हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो, पण तो कोणालाही सुचून चालण्यासारखा नव्हता. दहा वर्षं शेकडो तुकडे मेम्ब्रेनवर वाढताना बघितले असतील, त्यांच्या कडेने पेशी किती दिवसांत आणि किती लांब पसरतात हे माहीत असेल, तोच माणूस छातीठोकपणे म्हणेल की एवढ्या अंतरावर एवढे तुकडे ठेवले तर मधली जागा भरून येईल. 2010 पासून त्यांनी तसं करायला सुरुवात केली आणि 2012 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’मध्ये पहिले सहा रुग्ण प्रसिद्ध केले. सोबत डॉ. सयन बसू, बालसुब्रमण्यन आणि इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठाच्या शीला मॅकनील. नाव दिलं ‘सिंपल लिंबल एपिथेलियल ट्रान्सप्लांटेशन’, आद्याक्षरांवरून स्लेट.

शस्त्रक्रिया काय होते ते जवळून बघू.

आधी चांगला डोळा. वरच्या पापणीखाली झाकल्या जाणाऱ्या बाजूने लिंबसचा साधारण दोन मिलिमीटर बाय दोन मिलिमीटरचा तुकडा अलगद सोडवून घेतात. पूर्वीच्या पद्धतीत तबकडीवरच्या चार ते सहा तासांएवढा भाग जात होता, इथे एका तासाएवढा. ती जागा आपोआप भरून येते.

मग जळालेला डोळा. काचेवर चढलेली रक्तवाहिन्यांची साय कडेपासून सोडवून सोलून काढतात. रक्तस्राव होतो, तो थांबवावा लागतो. खाली काच कितपत शिल्लक आहे हे खरं तर इथेच कळतं. काही वेळा सायीखाली बऱ्यापैकी स्वच्छ कॉर्निया निघतो, काही वेळा खोलवर पांढरं फूल असतं, आणि काही वेळा काच इतकी पातळ झालेली असते की पुढचं पाऊल फार जपून टाकावं लागतं.

मोकळ्या झालेल्या पृष्ठभागावर अ‍ॅम्निऑटिक मेम्ब्रेन पसरून फायब्रिन गोंदाने चिकटवतात. हा गोंद रक्त गोठण्याच्या नैसर्गिक क्रियेवर चालतो. दोन द्रव एकत्र आले की काही सेकंदांत घट्ट होतात, टाके लागत नाहीत. आता तो दोन मिलिमीटरचा तुकडा कात्रीने आठ-दहा बारीक कणांत कापायचा. एकेक कण चिमट्याने उचलून मेम्ब्रेनवर गोल रांगेत ठेवायचा. अगदी मध्यावर ठेवायचा नाही, कारण तिथूनच बघायचं असतं. पार कडेलाही नाही. कणाची पेशींची बाजू वर राहिली पाहिजे, उलटा पडला तर उपयोग नाही. प्रत्येकावर गोंदाचा थेंब आणि सगळ्यावर एक साधी, नंबर नसलेली कॉन्टॅक्ट लेन्स, पापणीने कण ओढले जाऊ नयेत म्हणून.

भाताची लावणी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. तरवा एका कोपऱ्यात दाट वाढतो, तिथून मूठभर रोपं काढायची आणि चिखलणी केलेल्या खाचरात अंतर ठेवून लावत जायचं. रोपं फुटवे धरतात आणि मधली जागा भरते.

पुढच्या दिवसांत प्रत्येक कणाभोवती पेशींचं वर्तुळ वाढत जातं आणि वर्तुळं एकमेकांना भिडतात. हे हिरव्या चमकणाऱ्या रंगाचा थेंब टाकून, निळ्या उजेडात दिसतं: जिथे पेशी नाहीत तिथे रंग धरतो. पहिल्या सहाही डोळ्यांत सहा आठवड्यांच्या आत पृष्ठभाग भरून आला. सरासरी नऊ महिन्यांच्या पाठपुराव्यात तो टिकला. चौघांची नजर नेहमीच्या तक्त्यावरचं सर्वांत मोठं अक्षरही नीट न दिसण्यापासून 20/60 किंवा त्याहून चांगल्यापर्यंत आली. 20/60 म्हणजे निरोगी माणूस 60 फुटांवरून जे वाचतो ते 20 फुटांवरून वाचता येणं.

सहा रुग्णांवरून काही सिद्ध होत नाही, हे त्या गटालाही ठाऊक होतं. म्हणून 2016 चा अहवाल जास्त महत्त्वाचा. भाजल्यामुळे एक डोळा गेलेले 125 रुग्ण, 2010 ते 2014 मध्ये स्लेट केलेले, पाठपुरावा किमान एक वर्ष ते चार वर्षं. 76 टक्क्यांचा पृष्ठभाग टिकला. साधारण तेवढ्याच रुग्णांची नजर तक्त्यावर किमान दोन ओळींनी सुधारली. आणि या 125 मधली 60 मुलं होती. जवळजवळ निम्मी! चुन्याच्या पुडीने मी लेखाची सुरुवात उगीच केलेली नाही. त्याच वर्षी वेगवेगळ्या केंद्रांतल्या डॉक्टरांनी मिळून 68 डोळ्यांचा अहवाल दिला, यश 83.8 टक्के. मला हा आकडा अधिक दिलासा देणारा वाटतो, कारण तो शोध लावणाऱ्या संस्थेपुरता नाही. एखादी शस्त्रक्रिया फक्त तिच्या जनकाच्याच हातून जमत असेल तर तिचा बाकीच्यांना फारसा उपयोग नसतो.

71, 76 आणि 83.8 हे आकडे शेजारी मांडून ‘ही पद्धत त्या पद्धतीहून पाच टक्क्यांनी सरस’ असं मात्र म्हणू नये. रुग्ण वेगळे, भाजण्याची तीव्रता वेगळी, किती काळ लक्ष ठेवलं ते वेगळं. इतकं म्हणता येतं की प्रयोगशाळा वगळल्याने निकाल घसरले नाहीत. आणि पद्धतीचं सोपेपण बघता एवढं पुरेसं होतं.

स्लेट कुठे फसते हेही त्या 125 रुग्णांतून कळलं. आम्लाने भाजलेले डोळे, पापणी डोळ्याला आतून चिकटून गेलेले डोळे, ठेवलेले कण नंतर गळून पडलेले डोळे, आणि ज्यांच्यात स्लेटबरोबरच कॉर्नियाही बदलला असे डोळे. शेवटचा मुद्दा रुग्णांच्या नातेवाइकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण ‘एकदाच भूल द्या, दोन्ही उरकून टाका’ हा आग्रह बहुतेक घरांतून होतो. हैदराबादच्याच आधीच्या एका अभ्यासात, म्हणजे पेशी प्रयोगशाळेत वाढवत तेव्हाच्या, दोन्ही एकत्र केलेल्यांत वर्षभराने 25 टक्के प्रत्यारोपित कॉर्निया टिकलेले होते. आधी पेशी लावून, पृष्ठभाग स्थिरावल्यावर वेगळ्याने कॉर्निया बसवला त्यांच्यात 80 टक्के. भाजलेल्या डोळ्यात दाह धुमसत असतो. त्यात परका कॉर्निया घातला की शरीर त्याच्यावर तुटून पडतं. थांबणं हा तिथे उपचाराचाच भाग आहे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक पेच. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत मेंदू बघायला शिकत असतो. त्या काळात एक डोळा महिनोन्महिने झाकल्यासारखा राहिला तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. आळशी डोळा म्हणतात तो हाच. नंतर काच कितीही लख्ख झाली तरी नजर अर्धवट राहते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून कमजोर डोळ्याला कामाला लावावं लागतं, आणि मूल त्या पट्टीवरून घर डोक्यावर घेतं. डॉक्टरांच्या अहवालात या भांडणांसाठी रकाना नसतो.

स्टेम सेल म्हटलं की आपल्याकडे हल्ली दोन टोकं दिसतात: गुडघेदुखीपासून ऑटिझमपर्यंत सगळं बरं करतो म्हणणाऱ्या जाहिराती, नाहीतर हे सगळंच थोतांड म्हणणारे. लिंबल मूळपेशींचं काम या दोन्हींत बसत नाही. कोणत्या पेशी, कुठून घेतल्या, कुठे लावल्या, किती जणांत टिकल्या, किती जणांत नाही, हे सगळं छापून आलेलं आहे. कोणी स्टेम सेलचा उपचार सुचवला तर हेच प्रश्न विचारावेत. उत्तरात फक्त रुग्णांचे हसरे फोटो मिळाले तर काढता पाय घ्यावा.

दोन्ही डोळे जळाले असतील तर मात्र स्लेटची गाडी अडते, कारण चांगला डोळाच नाही. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोममध्ये, म्हणजे एखाद्या औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेने अंगभर आणि डोळ्यांतही फोड येतात तेव्हा, बहुधा दोन्ही डोळे सापडतात. अशा वेळी भावंडाच्या किंवा आईवडिलांच्या डोळ्यातून तुकडा घेतात, किंवा नेत्रदानातून आलेल्या डोळ्याच्या कडेवरचा. तंत्र तेच, पण पेशी परक्या, म्हणून शरीराने त्या नाकारू नयेत यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दीर्घकाळ घ्यावी लागतात आणि त्यांचे दुष्परिणाम सांभाळावे लागतात. जपानी डॉक्टरांनी 2004 मध्ये दुसरी वाट दाखवली: रुग्णाच्याच गालाच्या आतल्या पेशी वाढवून डोळ्यावर लावायच्या. पेशी स्वतःच्या असल्याने औषधांचा प्रश्न सुटतो. पण त्या शेवटी तोंडाच्या पेशी, कॉर्नियाइतका स्वच्छ पृष्ठभाग त्या देत नाहीत. डोळा अगदीच कोरडा ठणठणीत असेल तर कृत्रिम कॉर्निया उरतो, आणि त्याची देखभाल जन्मभराची असते.

सांगवान पुढे दिल्लीच्या डॉ. श्रॉफ चॅरिटी नेत्ररुग्णालयात गेले. स्लेट आता भारताबाहेरही अनेक ठिकाणी होते. तिच्यासाठी लागतं ते नेहमीचं ऑपरेशन थिएटर, सूक्ष्मदर्शक, गोंद, लेन्स आणि अ‍ॅम्निऑटिक मेम्ब्रेन. यातली शेवटची वस्तू सगळीकडे सहज मिळत नाही. ती जमवायला, तपासायला आणि गोठवून ठेवायला पेढी लागते. म्हणून शेफील्डच्या मॅकनील आणि हैदराबादचा गट यांनी विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्याला जे पॉलिमर वापरतात त्याच्या बारीक तंतूंचा पडदा विणून पाहिला. पेशी त्याच्यावर पसरतात आणि काही आठवड्यांत पडदा विरघळून जातो. सशांच्या डोळ्यांवर त्याची सुरक्षितता तपासून झाली आणि 2019 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. असा पडदा माणसांत चालला तर तो औषधाच्या पाकिटासारखा कपाटात ठेवता येईल आणि जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरला मेम्ब्रेनसाठी मोठ्या शहराकडे बघावं लागणार नाही.